मंगळवारी दुपारी तीन वाजता

प्रश्न : मुलाकडे टेक्सासला सहा महिने राहून आलो. घर मोठं, सून गुणी, कशाची म्हणून ददात नव्हती. तरी ही महिन्याभरात गप्प गप्प झाली. नाशिकला परतल्यावर चौथ्या दिवशी भाजीवालीशी दोन रुपयांवरून भांडली आणि पूर्ववत झाली! हे काय गौडबंगाल आहे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या भाजीवालीचे आभार माना. जुलै १९९५मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली, पारा ४१ अंशांवर गेला. सातशेहून जास्त माणसं दगावली. त्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं फार. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लाइननबर्ग यांनी मग दोन शेजारच्या वस्त्या ताडून पाहिल्या. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे वृद्ध. पण नॉर्थमधला मृत्युदर साउथच्या जवळजवळ दसपट! नॉर्थमधले कारखाने बंद पडले होते, दुकानं उठली होती, मोकळ्या प्लॉटांवर गवत माजलेलं. म्हातारी माणसं भीतीने दार लावून आत बसत. साउथचा सव्विसावा रस्ता मात्र दुकानांनी, फेरीवाल्यांनी गजबजलेला. पाव आणायला निघालेली आजी वाटेत चार जणांशी बोलून, थंडगार दुकानात जरा टेकून घरी जाई.

मनाचंही असंच असतं. २०२३मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी एकटेपणाला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून जाहीर इशारा दिला. आणि एकटेपणा भरल्या घरातही येतो, बरं का. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, वहिनींना गाडी येत नाही, फुटपाथ कॉलनीच्या फाटकापाशी संपतो. कोथिंबिरीच्या जुडीसाठीही शनिवारची वाट पाहायची. महाराष्ट्र मंडळाचा गणपती झकास होतो, पण मंगळवारी दुपारी तीन वाजता काय करायचं? न्यू जर्सीत एडिसन-इसेलिनच्या ओक ट्री रोडजवळ राहणाऱ्या आजी-आजोबांना निदान पायी जाऊन भाव तरी विचारता येतो.

पुढच्या खेपेला जाण्याआधीच मुलाला गावातलं सीनियर सेंटर आणि वाचनालय बघून ठेवायला सांगा. तिथे पोचायची सोय आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी हवी. ‘जमेल तेव्हा’ नको. स्वयंपाकघराचा एक कोपराही वहिनींच्या ताब्यात द्या, पाहुणी म्हणून सहा महिने कोण बसेल? मात्र झोप उडाली, जेवण तुटलं, कशातच मन लागेना आणि दोन आठवडे उलटले, तर डॉक्टरांना दाखवा. तिथे भाजीवाली पुरत नाही.