हाडे विरतात, तेव्हा पैसे कशावर खर्चावे?

भिवंडी हे मागांचे गाव. कापड कसे विरते, हे इथल्या माणसांना सांगायला नको. नव्या कापडात उभे-आडवे धागे दाट असतात. ओढले तरी ते फाटत नाही. वर्षानुवर्षे वापरले, धुतले, म्हणजे ते विरते. लांबून धड दिसते. पण उजेडात धरले की आरपार दिसते. मग एक दिवस साध्या खिळ्याला अडकते आणि टरकन फाटते.

आपली हाडेही अशीच विरतात. डॉक्टर या रोगाला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आपण म्हणतो, हाडे ठिसूळ झाली. या रोगावर औषधाविना उपाय शिकवणारे वर्ग हल्ली निघाले आहेत. कोणी मोबाइलवर शिकवतो, कोणी घरी येऊन शिकवतो. त्याची फी असते. ही फी द्यावी की देऊ नये? याचा विचार आपण या पाठात करू.

हाडे का विरतात?

हाड म्हणजे दगड नव्हे. हाड जिवंत असते. शरीर जुने हाड रोज थोडे काढून टाकते आणि तिथे नवे भरते. तिशीपर्यंत भर जास्त असते. पुढे घट वाढू लागते. बाईची पाळी गेली, की काही वर्षे ही घट फार वेगाने होते. म्हणून हा रोग बायकांत जास्त दिसतो. पण पुरुषांनाही तो होतो, बरे का!

तंबाखूने आणि दारूने हाडे लवकर विरतात. मिश्री म्हणजे तंबाखूच. पिशवीच्या ऑपरेशनात अंडाशये काढली असतील, तर त्या बाईला धोका जास्त. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच महिने घेतल्या असतील, तरीही धोका जास्त.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. विरलेले हाड मोडेपर्यंत बहुधा दुखत नाही. गुडघे दुखतात, कंबर धरते, ते बहुतेक वेळा सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे असते. ही दोन दुखणी वेगळी आहेत. पण विकणारा माणूस दोन्हींची एकच मोट बांधतो.

आपल्या तालुक्यातलेच उदाहरण घ्या. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी इथे गरम पाण्याची कुंडे आहेत. पुष्कळ लोक तिथे अंघोळीला जातात. गरम पाण्याने आखडलेले अंग मोकळे होते. दुखणे काही वेळ कमी होते. हे खरेच आहे. पण त्या पाण्याने विरलेले हाड भरत नाही. म्हणून जावे, खुशाल जावे. मात्र ओल्या पायऱ्यांवर कोणाचा तरी हात धरावा. सांध्याला आराम मिळवायला गेलो आणि खुबा मोडून आलो, असे व्हायला नको.

आधी माप, मग उपाय

शिंपी आधी माप घेतो, मग कापडाला कात्री लावतो. हाडांचेही माप असते. त्या तपासणीला डेक्सा म्हणतात. यंत्राखाली काही मिनिटे पडून राहायचे. सुई नाही, दुखणे नाही. कंबरेच्या मणक्यांचे आणि खुब्याचे माप निघते.

कागदावर एक आकडा येतो. त्याच्या आधी बहुधा उणे असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली या आकड्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. उणे १ किंवा त्याहून वर, म्हणजे हाड ठीक. उणे १ आणि उणे २.५ यांच्या मध्ये, म्हणजे हाड थोडे विरले आहे. उणे २.५ किंवा त्याच्याही खाली, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. इथे उण्याची गंमत लक्षात ठेवा. उणे ३ हे उणे २ पेक्षा वाईट.

शिबिरात कधी कधी टाच यंत्रात ठेवून हाड तपासतात. त्यावरून थोडा अंदाज येतो. रोग आहेच, असे त्यावरून ठरत नाही. टाचेच्या कागदावर भरवसा ठेवून हजारो रुपये मोजू नयेत. आधी डॉक्टरांना दाखवावे.

वर्गवाल्याचा शब्द

समजा, भिवंडीजवळच्या एका घरात ६२ वर्षांच्या सासूबाई आहेत. पावसाळ्यात त्या अंगणात घसरल्या आणि मनगट मोडले. डॉक्टरांनी डेक्सा करायला सांगितली. आकडा आला उणे २.८. डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी लिहून दिली.

मग एका वर्गवाल्याचा फोन आला. तो म्हणाला, “गोळी बंद करा. आमचा व्यायाम, आमची पावडर आणि आमची चुंबकाची गादी घ्या. तीन महिन्यांत हाड नवं होईल. फी फक्त १२ हजार.”

सासूबाई सुनेला म्हणाल्या, “सूनबाई, बचत गटात माझे बारा हजार साठलेत. देऊन टाकू का? गोळीनं छातीत जळजळतं गं.”

सून म्हणाली, “आई, पैसे तुमचे आहेत. मी नको कशाला म्हणू? पण तीन महिन्यांनी हाड भरलं की नाही, हे आपल्याला कळणार कसं? एवढं त्यांना विचारू या.”

सुनेने लाख मोलाचा प्रश्न विचारला. हाड फार हळू भरते. दोनदा माप घेतले, तर यंत्राच्या आकड्यातही थोडा फरक पडतो. म्हणून डॉक्टर बहुधा एक-दोन वर्षांनी पुन्हा माप घेतात. तीन महिन्यांत खरे काय घडले, हे कोणालाच दिसत नाही. म्हणजे वर्गवाल्याचा शब्द खरा की खोटा, हे कळण्याआधीच पैसे गेलेले असतात.

सुपात घालून पाखडू

वर्गवाला जे विकतो, ते सगळेच फोल असते, असे आम्ही म्हणत नाही. त्यात काही दाणे असतात, काही फोलपट असते. आपण ते पाखडून पाहू.

पहिली गोष्ट, चुंबकाची गादी. तिने हाड भरते, याला पुरावा नाही. पैसे देऊ नयेत.

दुसरी गोष्ट, हलणारी फळी. या यंत्रावर उभे राहिले की सारे अंग थरथरते. कॅनडा देशात टोरांटो शहरात २०२ बायकांवर याचा प्रयोग झाला. तो वर्षभर चालला. २०११ साली निकाल छापून आला. त्या यंत्राने हाड वाढले नाही. इथेही पैसे देऊ नयेत.

तिसरी गोष्ट, व्यायाम. हा मात्र खरा दाणा आहे. ऑस्ट्रेलियात हाडे विरलेल्या १०१ बायकांवर प्रयोग झाला. त्याचा निकाल २०१८ साली आला. निम्म्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, जड वजने उचलली. शिकवणारा माणूस शेजारी उभा असे. आठ महिन्यांनी त्यांच्या कंबरेच्या मणक्यांचे माप सुमारे ३ टक्के वाढले. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. त्यांचे माप १ टक्क्याहून थोडे जास्त घटले.

यातून दोन गोष्टी शिकाव्या. एक, चांगला शिकवणारा असला तर उपयोग होतो. दोन, एवढी मेहनत करून आठ महिन्यांत वाढले ते ३ टक्के. मग तीन महिन्यांत हाड नवे कसे होईल?

आणि एक सावधगिरी. जड वजन आपल्या मनाने उचलू नये. हाडे ठिसूळ असतील, तर कंबरेत वाकून जमिनीवरचा हंडा उचलू नये. गुडघे वाकवून उचलावा. पाठ गोल करून पुढे वाकण्याचे व्यायामही टाळावे. त्यांनी मणका चेपू शकतो. मोबाइलवर शिकवणाऱ्याला तुमची पाठ नीट दिसत नाही. म्हणून एकदा तरी फिजिओथेरपिस्टला, म्हणजे व्यायामाच्या तज्ज्ञाला, समोरासमोर भेटावे.

गोळीचे काय?

अ‍ॅलेन्ड्रोनेट नावाची गोळी बहुधा आठवड्यातून एकदा घेतात. आधीच मणका मोडलेल्या बायकांवर अमेरिकेत तिचा प्रयोग झाला. १९९६ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्या बायकांत मणके आणि खुबे मोडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. गोळीचे दोषही आहेत. फार थोड्या लोकांना जबड्याचा किंवा मांडीच्या हाडाचा त्रास होतो. हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे.

सासूबाईंना जळजळ होते, त्याचे काय करावे? ही गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. नंतर अर्धा तास काही खायचे नाही आणि आडवे व्हायचे नाही. इतके करूनही जळजळ राहिली, तर डॉक्टरांना सांगावे. ते औषध बदलतात. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे औषधही असते. पण वर्गवाल्याच्या सांगण्यावरून गोळी सोडू नये.

फुकट मिळणारे बळ

आता घरचा हिशेब मांडू. पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. इतर मोठ्या माणसांना १००० लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० सालचा हा हिशेब आहे.

१०० ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दोन कप दुधात किंवा दह्यात सुमारे ४८० असते. चमचाभर तीळ घेतले, म्हणजे १० ग्रॅम, की सुमारे १०० मिळते. ही बेरीज झाली ९३०. बाकीचे डाळ, पालेभाजी आणि काट्यासकट खाल्लेली बारीक सुकी मासळी यांतून मिळते. सुकट खारट असते. ती आधी धुऊन घ्यावी.

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते. ते उन्हातून मिळते. मागाच्या शेडमध्ये दिवस काढणाऱ्याला आणि घराबाहेर न पडणाऱ्या बाईला ऊन मिळत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते, त्या वेळचे ऊन या कामी चांगले. थोडा वेळ हात आणि पाय उघडे ठेवून उन्हात बसावे. कातडी भाजू देऊ नये.

रोज चालावे. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे. दाराची चौकट धरून एका पायावर उभे राहावे. यामुळे तोल सुधारतो. मोरीतले शेवाळ घासून काढावे. रात्री मोरीच्या वाटेवर दिवा ठेवावा. डोळ्यात मोतीबिंदू असेल तर काढून घ्यावा. पडलोच नाही, तर विरलेले हाडही पुष्कळदा टिकते.

आता बारा हजारांचा हिशेब करा. दूध ६० रुपये लिटर धरा. रोज अर्धा लिटर घेतले, तर महिन्याचे झाले ९०० रुपये. बारा हजारांत १३ महिने दूध येते!

मग पैसे कशाला द्यावेत?

डॉक्टरांनी सांगितलेल्या डेक्साला द्यावेत. शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडच्या चार-दोन भेटींना द्यावेत. ज्याचे हाड एकदा मोडले आहे, ज्याला चालताना तोल जाण्याची भीती वाटते, त्याला या भेटींचा खरा उपयोग होतो. पण आधी सरकारी दवाखान्यात विचारावे. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केले आहेत.

तरीही एखाद्या वर्गाला जावेसे वाटले, तर हे पाच प्रश्न विचारा:

१. तुमचे शिक्षण काय? प्रमाणपत्र दाखवाल का?
२. माझा डेक्साचा कागद पाहिल्याशिवाय व्यायाम सांगाल का?
३. माझी गोळी बंद करायला सांगाल का?
४. काय फायदा होईल, किती दिवसांत, हे कागदावर लिहून सही कराल का?
५. मध्येच सोडले तर किती पैसे परत द्याल? पावती द्याल का?

दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाला “हो” आले, तर तिथेच रामराम करावा. चौथ्याला “लिहून कशाला?” असे उत्तर आले, तरीही रामराम. आपण आता वाचायला शिकलो आहोत. सही करण्याआधी कागद सगळा वाचावा. पावती जपून ठेवावी. फसवणूक झाली, तर १९१५ या क्रमांकावर फोन करावा. ही ग्राहकांसाठी सरकारी मदत आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर त्या तक्रारीला फी पडत नाही.

साठवलेला पैसा घामाचा असतो. तो हाडे राखण्यासाठी जरूर खर्चावा. पण माप घेऊन, हिशेब करून, कागद वाचून खर्चावा.

आठवा आणि सांगा

१. विरलेले हाड आणि दुखणारा सांधा यांत फरक काय?
२. उणे १.८ आणि उणे २.८ यांतला वाईट आकडा कोणता?
३. सुनेने कोणता प्रश्न विचारला? तो महत्त्वाचा का?
४. कालच्या दिवसात तुम्ही काय काय खाल्ले? त्यात कॅल्शियम असलेले पदार्थ किती होते? लिहून काढा.
५. आपल्या घरात पाय घसरेल अशा जागा कोणत्या? आज त्यांतली एक नीट करा.