बाहुलीची कंबर आणि आपली मोजपट्टी

बाहुली हे बहुतेक मुलींचे पहिले खेळणे. ज्या घरात खेळणी विकत घेण्याची ऐपत नसते, त्या घरातही चिंध्यांची का होईना, बाहुली असतेच. मुलगी तिला नटवते, जेवू घालते, तिचे लग्न लावते आणि हे करता करता 'बाई' म्हणजे काय असते याची कल्पना मनाशी बांधत जाते. म्हणून बाहुली कशी दिसते हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. फॅशनच्या बाहुलीने सौंदर्याचे कोणते माप रुजवले आणि ते माप आमच्या देवणीपर्यंत येऊन काय करते, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

आमच्या आजीच्या पिढीची बाहुली जुन्या लुगड्याची असे. काजळाचे डोळे, कुंकवाचे ओठ, झाले. कोकणात सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत; जुन्या काळी 'ठकी' नावाची लाकडी बाहुली घरोघरी माहीत होती. या बाहुल्यांना नाकी-डोळी नीटस असण्याची सक्ती नव्हती. कंबर तर त्यांना नव्हतीच. ती बाहुली मुलीची लेक असे. "मी हिच्यासारखी दिसले पाहिजे," असे तिच्याकडे पाहून कोणा मुलीला वाटण्याचे कारण नव्हते.

हे नाते बदलले ते बार्बीमुळे. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मॅटेल कंपनीने ही बाहुली प्रथम मांडली. तिची कल्पना रूथ हँडलर या बाईंची. आपली मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांना मोठ्या बायकांच्या भूमिका देऊन खेळते, हे त्यांनी पाहिले होते. 'लिली' नावाच्या जर्मन बाहुलीवरून त्यांनी बार्बीचा घाट घेतला. मुलींना आईपणाखेरीज दुसरी स्वप्ने पाहता यावीत हा त्यांचा विचार चांगलाच होता, हे मान्य केले पाहिजे. १९६५ साली, माणूस चंद्रावर उतरण्याच्या चार वर्षे आधी, बार्बी अंतराळवीराच्या पोशाखात आली. परंतु पूर्वी मुलगी बाहुलीची आई होती. आता बाहुली ही मुलीचा उद्या झाली. उद्या आपण असे दिसायचे, हे तिने न बोलता सांगितले.

ते दिसणे कसे होते? थोडे गणित करू. बार्बीची उंची साडेअकरा इंच. ती खऱ्या बाईच्या एक षष्ठांश मापाची मानतात. सहाने गुणले की उंची होते ५ फूट ९ इंच आणि मूळच्या बार्बीची कंबर भरते साधारण १८ इंच. अठरा इंच म्हणजे किती? आपल्याकडे वर्षाच्या लेकराच्या डोक्याचा घेर जवळपास तेवढाच असतो. म्हणजे पावणेसहा फूट उंचीची बाई आणि तिच्या कमरेला वर्षाच्या लेकराची टोपी बसावी! १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे शरीर एक लाख स्त्रियांत एकीचेही असण्याची शक्यता नाही, असा हिशेब मांडला गेला. तिचे पाऊल तर उंच टाचेच्या बुटासाठी असे वाकवलेले की आधाराशिवाय तिला उभेही राहता येत नसे. आणि ज्या १९६५ साली ती अंतराळवीर झाली, त्याच साली तिच्या एका संचात ११० पौंडांवर काटा थांबलेला वजनकाटा आणि वजन कमी करण्याचे छोटे पुस्तक होते. त्यातला सल्ला एवढाच की, खाऊ नये.

खेळण्याने कुठे मन बदलते का, असे कोणी म्हणेल. इंग्लंडमधील हेल्गा डिटमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. ५ ते ८ वर्षे वयाच्या १६२ मुलींना चित्रांची गोष्ट दाखवली. काहींच्या चित्रांत बार्बी होती, काहींच्या चित्रांत भरल्या अंगाची बाहुली आणि काहींच्या चित्रांत बाहुलीच नव्हती. बार्बी पाहिलेल्या लहान मुलींना आपले शरीर कमी आवडू लागले आणि बारीक व्हावेसे वाटू लागले. सर्वांत मोठ्या मुलींवर मात्र लगेच असा परिणाम दिसला नाही. तोपर्यंत ते माप त्यांच्या मनात आधीच बसले असावे, असा त्याचा अर्थ लावला गेला. आठव्या वर्षी ही स्थिती!

रंगाची गोष्ट याहून जुनी आहे. अमेरिकेत १९४० च्या सुमारास केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पतीपत्नींनी कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' ठरवली. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने या संशोधनाची दखल घेतली.

आता आपल्या गावाकडे वळू. आमच्याकडे कंपनीची महाग बाहुली फार थोड्या घरांत आली. जत्रेत मिळते ती तिची स्वस्त नक्कल: सोनेरी केस, गुलाबी झगा, मुठीत मावणारी कंबर. माझ्या धाकट्या बहिणीकडे तशी एक होती. सातव्या वर्षी तिने आईला विचारले, "माय, माझे केस असे कधी होतील?" आईने हसून तेल लावले. प्रश्न तेथेच राहिला. आज ती पंधरा वर्षांची आहे. आता ती केसांचे विचारत नाही; भाकरी अर्धी ठेवून उठते आणि तोंडाला डाळीचे पीठ लावून बसते.

मग सगळा दोष बाहुलीला द्यावा काय? मला तसे वाटत नाही. बाहुली परदेशातून आली, पण मोजपट्टी आपल्या घरात आधीपासून होती. पोर जन्मली की पहिला प्रश्न, "रंग कसा आहे?" स्थळ सांगताना पहिले शब्द, "गोरी, सडपातळ." माझ्या आत्याच्या मुलीला पाव्हण्यांनी चालून दाखवायला सांगितले आणि चार दिवसांनी "रंगात कमी" असा निरोप धाडला. हुंडा वाढवून मागितला, तो या शब्दाच्या आधाराने. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे!

देवणी हे नाव देशभर पोहोचले ते गाईबैलांमुळे. मुलींची तुलना जनावरांशी करण्याचा माझा हेतू नाही. पण एक गोष्ट मांडल्यावाचून राहवत नाही. देवणी जातीत वानेरा, बालंक्या व शेवरा असे तीन प्रकार मानतात. वानेऱ्याचे अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या, बालंक्या पांढरा, शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके. तिन्ही देवणीच. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल चालवून पाहतात, दात पाहतात. पण गिऱ्हाईक अखेर विचारते ते कामाचे, आणि गाईच्या दुधाचे. जे शेतकरी जनावरात तीन रूपे आनंदाने मान्य करतात आणि गुण विचारतात, त्यांच्याच घरात लेकीला मात्र एकच रूप मंजूर असावे?

हा केवळ मन दुखावण्याचा प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. जिथे अंगात रक्तच पुरेसे नाही, तिथे बारीक होण्यासाठी भाकरी सोडणे म्हणजे स्वतःच्या हाताने आजार ओढवून घेणे होय.

कंपन्याही थोड्या बदलल्या. १९८० साली कृष्णवर्णीय बार्बी निघाली. २०१६ साली भरल्या अंगाची, उंच व ठेंगणी अशा तीन नव्या बांध्यांच्या बार्बी आल्या. भारतात १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या नावातला 'फेअर' २०२० साली गेला. हे स्वागतार्ह आहे. पण नाव बदलले म्हणून नजर बदलतेच असे नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शिक्षणाचा उपयोग नोकरीपुरता नसून, आजवर कोणी न विचारलेला प्रश्न घरात विचारण्यासाठीही आहे, असे मला वाटते. म्हणून मैत्रिणींनो, आपण निदान एवढे करू या. घरात पोर जन्मली तर रंगाआधी तिचे वजन विचारू. धाकट्या बहिणीला "काळी", "जाडी" अशा नावांनी हाक मारणाऱ्याला तिथल्या तिथे अडवू. चालून दाखवायला सांगितले तर आपणही पाव्हण्यांना दोन प्रश्न विचारू. आणि ताटातली भाकरी पुरी खाऊ.