इंटरकूलर बसला, पण ही नळी कुठली?

प्रश्न : माझ्या टर्बो-डिझेल गाडीला मी बाहेरच्या कंपनीचा मोठा इंटरकूलर बसवून घेतला. सोबत एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतची नळीही नवी आली. काम झाल्यावर बोटाएवढी जाड एक रबरी नळी मोकळीच राहिली. मिस्त्री म्हणतो, राहू दे, काही बिघडत नाही. शेजारी म्हणतात, बोल्ट घालून बंद कर. मित्र म्हणतो, इंटरकूलरच्या पाइपाला जोड. ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की आत जळक्या ऑइलचा वास येतो. काय करावे?
– एक वाचक, वसई (पूर्व)

उत्तर : तिन्ही सल्ले बाजूला ठेवा. निम्मे उत्तर त्या वासातच आहे. मोकळ्या टोकाकडे कितीही बघितले तरी नळी कुठे जायची ते कळत नाही. ती कुठून निघाली ते पाहिले की कळते. इंजिन थंड असताना नळीवरून हात फिरवत मागे जा. ती इंजिनाच्या वरच्या झाकणापाशी, म्हणजे आपण ऑइल ओततो त्याच्या आसपास पोहोचली आणि आत बोट घातल्यावर ते काळे, तेलकट झाले, तर ती ब्रीदरची नळी. तुमच्या वर्णनावरून तीच दिसते.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेल्या वायूचा थोडा अंश त्यांच्या कडेने खाली, ऑइलच्या भागात उतरतोच. टर्बोच्या गाडीत तो जरा जास्तच. त्याला वाट दिली नाही तर आत दाब वाढतो. पूर्वी हा वायू सरळ रस्त्यावर सोडत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाने धुरक्याला कंटाळून ते थांबवायला लावले, आणि तेव्हापासून तो परत इंजिनाच्या श्वासात मिसळून जाळण्याची पद्धत रुळली. तुमची नळी हेच काम करत होती. जुन्या नळीला तिच्यासाठी एक तोटी होती; नव्या नळीला बहुधा ती दिलेलीच नाही.

आता हवेची वाट पाहू. फिल्टरपासून टर्बोपर्यंत हवा ओढली जाते, तिथे किंचित शोष असतो. टर्बोनंतर, इंटरकूलर धरून इंजिनापर्यंत, हवा दाबाखाली असते. ब्रीदरची जागा शोषाच्या बाजूला, टर्बोच्या आधी. मित्राचे ऐकून ती इंटरकूलरच्या पाइपाला जोडली, तर वायू बाहेर येण्याऐवजी टर्बोचा दाबच उलटा इंजिनाच्या पोटात शिरेल.

बोल्ट घातला तरी परिणाम त्याच जातीचा. आतला दाब वाढला की ऑइल सीलमधून गळू लागते, कधी डिपस्टिक वर उचलली जाते. सर्वांत जास्त सोसावे लागते ते टर्बोला. त्याच्या बेअरिंगमधले ऑइल केवळ स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये उतरते. तिथेच दाब असेल तर ते उतरत नाही, टर्बोत तुंबते, सीलमधून हवेच्या वाटेत जाते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. लोक म्हणतात, टर्बो गेला! नवा टर्बो घातला तरी बोल्ट तसाच असेल तर धूर पुन्हा येतो. हे ऑइल फार प्रमाणात आत गेले तर डिझेल इंजिन त्याच्यावरच पळू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

उलट, इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर दिसला तर घाबरू नका. ब्रीदरची वाफ त्याच वाटेने जाते, तेवढा ओलावा राहणारच.

मोकळी सोडण्यात धोका कमी वाटतो, पण आपल्याकडे पावसाळा आहे. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून गाड्या अडकल्या होत्या. एव्हरशाइन सिटीतले आणि चुळण्यातले रस्ते दरवर्षीच तुंबतात. खाली लोंबणाऱ्या नळीचे टोक अशा पाण्यात बुडाले आणि इंजिन बंद पडून थंड होऊ लागले, की पाणी आत ओढले जाऊ शकते. मग ऑइल दुधाळ होते आणि बेअरिंगे जातात. शिवाय नव्या नळीला तोटी असूनही ती उघडी राहिली असेल, तर महामार्गाची धूळ फिल्टर चुकवून थेट टर्बोच्या पंख्यावर जाते, आणि तो मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो.

तेव्हा नव्या नळीला टर्बोच्या आधी, पण हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या नंतर, तोटी बसवून घ्या. आधी जोडली तर तेलकट वाफेने सेन्सर खराब होतो. नळी ऑइल सोसणाऱ्या रबराचीच हवी. साधी सिलिकॉनची नळी ऑइलने फुगते आणि मऊ पडते. दाबाच्या बाजूला मात्र चांगली सिलिकॉन नळी योग्य, कारण दुप्पट दाबाला गेलेली पस्तीस अंशांची हवा टर्बोतून निघताना सव्वाशे अंशांच्या आसपास तापलेली असते. क्लिपा स्टेनलेसच्या घ्या, खाऱ्या वाऱ्यात साध्या क्लिपा लवकर गंजतात. ऑइल पकडणारा डबा मध्ये लावायचा असेल तर लावा, पण त्याचे दुसरे तोंड पुन्हा त्याच तोटीला गेले पाहिजे.

नळी पेन्सिलीएवढी बारीक आणि टर्बोवरच्या गोल डबीतून निघालेली असेल, तर गोष्ट वेगळी. ती टर्बोचा दाब आवरणाऱ्या ॲक्च्युएटरची. काही गाड्यांत ती सुटली की दाब हाताबाहेर जातो, काही गाड्यांत दाब तयारच होत नाही आणि गाडी पिकअप घेत नाही. ती अंदाजाने कुठेही जोडू नका, गाडीच्या मॅन्युअलातला आराखडा बघूनच जोडा.

जोडणी झाली की गळती तपासा. उभ्या गाडीत आवाज येत नाही म्हणजे सगळे ठीक, असे नाही. तेव्हा टर्बो दाब जवळजवळ देतच नाही. टर्बोपासून पुढची वाट बंद करून हलक्या दाबाने हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाकायचे, बुडबुडे लगेच दिसतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हे बजावले आहे. तुमचा बदल त्यात बसतो का, हे वसईच्या आरटीओत आणि विमा कंपनीला विचारून घ्या. जुनी नळी गॅरेजवाल्याने टाकून दिली नसेल तर आजच मागून आणा. तिच्यावरची तोटी बघून नवी नेमकी कुठे बसवायची ते कोणताही फिटर सांगेल.