आजोबांच्या वेब्लीला निकेल लावू नकोस

वालचंदनगर, ता. इंदापूर



तुझं पत्र आणि फोटो मिळाले. आजोबांच्या ट्रंकेत .३२ ची वेब्ली रिव्हॉल्व्हर सापडली, नळीचा काळा रंग उडालाय, मुठीजवळ गंज चढलाय, आणि बारामतीच्या एमआयडीसीतला एक प्लेटिंगवाला दसऱ्याच्या आत ती चकाचक करून देतो म्हणतोय. त्याला आजच नाही म्हणून कळव.

आधी कागदाचं बघ. परवाना आजोबांच्या नावाचा होता, आणि ते गेल्यावर ती वस्तू घरात ठेवायचा अधिकार आपोआप कुणाकडे येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं २१ वं कलम सांगतं की अशा वेळी शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. ठाण्यात आधी फोन कर, कसं आणायचं ते विचार. काडतुसं असतील तर तीही सांग. चापाला बोट लावू नकोस आणि उघडून बघायच्या भानगडीत पडू नकोस. वारसाला आपल्या नावावर परवाना मागता येतो, २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तुझ्या वडिलांना बरोबर घे, भावकीतल्या सगळ्यांची संमती लेखी घे. यात जेवढा वेळ जाईल तेवढा जाऊ दे.

शस्त्राची दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. प्लेटिंगवाल्याकडे तो नसणार. आणि त्याच्या बफच्या चाकाची मला खरी भीती वाटते. माझं आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलंय, चाक धातूचं काय करतं ते मी रोज पाहिलंय. सगळ्यात आधी कडा गोल होतात. मग स्क्रूच्या भोकांभोवती खळगा पडतो. मग अक्षरं पुसट होतात. तुझ्या वेब्लीवर बर्मिंगहॅमचं नाव आहे, तिथल्या प्रूफ हाउसचे बारीक शिक्के आहेत आणि नंबर आहे. ते प्रूफ हाउस १८१३ सालापासून चालत आलंय. जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी टिकते का, हे तिथे तपासलं जायचं, आणि टिकली की शिक्का बसायचा. हा शिक्का घासून गेला तर पुन्हा उमटवता येत नाही. नंबर पुसणं तर शस्त्र कायद्याच्या ८ व्या कलमाखाली गुन्हाच आहे, मग तो चमक आणायच्या हौसेने पुसला गेला असला तरी.

निकेलच्या आधी तो भाग ॲसिडमध्ये बुडवतात. कडक केलेल्या पोलादात त्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. आतल्या स्प्रिंगा बाहेर न काढता बुडवल्या तर त्या कधी तुटतील याचा नेम नाही.

तुला जो काळा-निळा रंग दिसतो तो लावलेला रंग नव्हे, तो पोलादावरच तयार केलेला ऑक्साइडचा पातळ थर आहे. तोंडाशी, सिलिंडरच्या कडेला तो उडालाय, कारण कातडी म्यानातून ती वर्षानुवर्षं आत-बाहेर झाली. आजोबा रात्री उसाला पाणी द्यायला कालव्यावर जायचे तेव्हा ती कमरेला असायची, हे ताईने मला कितीदा सांगितलंय. ती झीज त्यांच्या हातची आहे. ती राहू दे. गंज मात्र थांबवायलाच हवा, कारण लाल गंज ओल धरून ठेवतो आणि खाली खळगे पाडत जातो. परवाना झाला की परवानाधारक बंदूक-कारागिराला एवढंच सांग: पातळ तेल, अगदी बारीक स्टील वूल, हलका हात, काळा थर जिथे शिल्लक आहे तिथे घासायचं नाही. मूठ कडक रबराची आहे, तिला ऊन लागलं की तपकिरी पडते. झाकून ठेव. कातडी म्यानात मात्र ठेवू नकोस, कातडं ओल शोषतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पोलाद खातात.

दसऱ्याचं सांगतो, कारण तुझ्या घरी पूजा होणारच. आजोबांच्या काळी वर्षानुवर्षं ओलं कुंकू, जेजुरीचा भंडारा, पाणी शिंपडलेली झेंडूची फुलं त्या नळीवर ठेवली गेली. मुठीजवळचा गंज बहुतेक तिथूनच आला असावा. परवाना होऊन ती घरी परत आली की पूजा अवश्य कर. हळदकुंकू पाटाला लाव, फुलं शेजारी ठेव, आणि आरतीनंतर लगेच कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरव. देवाला यात काही उणं वाटणार नाही.

लग्नाच्या वरातीत बार काढायची इच्छा कुणी बोलून दाखवलीच तर ठाम नकार दे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि इतकी जुनी नळी तपासल्याशिवाय उडवणं म्हणजे स्वतःचा हात धोक्यात घालणं.

चमकतंच काही हवं असेल तर परवाना मिळाल्यावर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नवं .३२ घे. आजोबांची तशीच ठेव. पुण्याला गेलास तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातली शस्त्रं नीट बघ, तिथे वापराच्या खुणा तशाच जपलेल्या दिसतील.

इकडे येशील तेव्हा आजोबांचा परवाना, मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी घेऊन ये, अर्ज आपण मिळून लिहू. रिव्हॉल्व्हर आणू नकोस.

तुझा मामा