उशिरा पिकणारें अंजीर

आमच्या शाळेच्या विहिरीजवळ अंजिराचें एक झाड आहे. गेल्या पावसाळ्यांत त्याला पुष्कळ फळें धरलीं. नववीच्या मुलांनीं मोठ्या आशेनें तीं तोडून पाहिलीं. पण कांहीं फुटलेलीं, कांहीं आंबलेलीं व उरलेलीं पाणचट निघालीं. लगेच सूचना आली कीं, हें झाड काढून टाकावें, म्हणजे तेथें हुतूतूला जागा होईल. आमचे माळीकाका मूळचे पुरंदर तालुक्यांतले. ते एवढेंच म्हणाले, "पोरांनो, चैतापातुर थांबा. पावसातल्या अंजिरावरनं झाडाला नावं ठेवू नका."

आम्ही थांबलों, आणि त्या अवधींत या फळाविषयीं जें शिकलों, तें येथें देत आहों.

अंजीर हें वड, पिंपळ व उंबर यांच्या कुळांतलें. क्वचित् दिसणाऱ्या मनुष्यास आपण 'उंबराचें फूल' म्हणतों. परंतु उंबराला काय किंवा अंजिराला काय, फुलें नसतात असें नाहीं. तीं फळाच्या पोटांतच असतात. ज्याला आपण फळ म्हणतों तो आंतून पोकळ असा एक मांसल देठ असून त्याच्या आंतल्या अंगास शेंकडों बारीक फुलें असतात, आणि टोंकाशीं 'डोळा' नांवाचें लहानसें छिद्र असतें. तुर्कस्तानांतील स्मर्ना जातीच्या फळांत या छिद्रांतून एक सूक्ष्म गांधीलमाशी पराग घेऊन शिरली तरच फळ टिकतें. कॅलिफोर्नियांत ही जात नेऊन लावली, तेव्हां झाडें वाढलीं पण फळें गळत. सन १८९९ मध्यें ती माशी तेथें स्थिरावली, तेव्हां कोठें पीक हातीं आलें. आपल्याकडील पुणेरी अंजिरास या माशीची गरज लागत नाहीं.

पुणेरी अंजिराला वर्षांतून दोन बहार येतात. पावसाळी हवेंतला तो खट्टा बहार, व उन्हाळ्यांत पिकणारा तो मिठा बहार. झाड एकच, जमीन एकच. मग चवींत एवढा फरक कां पडावा? फळांतील साखर पानांत तयार होते, आणि त्यासाठीं ऊन लागतें. पावसाळ्यांत आभाळ झांकलेलें असतें; दमट हवेमुळें पानांवर तांबेरा पडतो व पानें गळतात. शिवाय पिकण्याच्या वेळीं फळांत पाणी भरून तें तडकतें, आणि तडकलेलें फळ आंबतें. उलट, फाल्गुनापासून वैशाखापर्यंत आकाश स्वच्छ व हवा कोरडी असते. तींत फळ सावकाश भरतें आणि गोड होतें.

म्हणूनच उशिरा पिकणाऱ्या जाती उष्ण देशांतच शोभतात. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतांत व मायोर्का बेटांत 'कोल दे दामा' म्हणजे 'बाईची मान' अशा नांवाचें अंजीर होतें. तें उशिरा पिकतें व त्यास लांबलचक उन्हाळा लागतो. इंग्लंडांत असा उन्हाळा मिळत नाहीं; तेथील माळी शरद् ऋतूंत न पिकलेलीं मोठीं हिरवीं फळें तोडून टाकतात आणि वाटाण्याएवढीं बारीक तेवढीं पुढल्या वर्षासाठीं राखतात.

मिठा बहार धरण्याची रीत अशी. पावसाळा सरतांना बागेचें पाणी तोडून तिला ताण द्यावा. झाड विश्रांति घेतें व पानें झडतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरांत छाटणी करून, शेणखत घालून पाणी द्यावें. नव्या फुटीवर पानांच्या बेचक्यांत फळें धरतात. छाटणीपासून फळ हातीं येण्यास सुमारें चार ते पांच महिने लागतात. पाणी नियमित असावें. कोरड पडून मग एकदम भरपूर पाणी दिलें तर उन्हाळ्यांतही फळ तडकतें. जमीन मध्यम खोलीची व पाण्याचा निचरा होणारी हवी.

फळाची वाढ मात्र पाहणाऱ्याला फसवते. आरंभीं तें भरभर वाढतें, मग कित्येक आठवडे जणूं थबकतें, आणि अखेरच्या थोड्या दिवसांत एकाएकीं फुगून रंगतें. मधला काळ पाहून आमच्यांतील कित्येकांस वाटलें कीं, झाडाला रोग लागला. भूमध्य समुद्राकांठचे बागाइतदार फळ लवकर पिकावें म्हणून त्याच्या डोळ्याला तेलाचा थेंब लावीत आले आहेत. त्यानें फळांत इथिलीन नांवाचा वायु उत्पन्न होऊन तें लवकर पिकतें खरें; पण तें कधीं? मधला थबकलेला काळ संपत आला असेल तेव्हां. त्यापूर्वीं केलेली घाई फुकट जाते.

पुरंदरच्या अंजिरास सन २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, व तालुक्यांत जाधववाडी येथें या फळाचें संशोधनकेंद्रही आहे. तरी बागाइतदाराचा जीव शेवटच्या दिवसांत टांगणीला लागलेला असतो. तोडलेलें अंजीर आंब्यासारखें अढींत गोड होत नाहीं. तें झाडावरच पिकावें लागतें, आणि पिकल्यावर एक-दोन दिवसांच्या वर टिकत नाहीं. म्हणून पहांटे तोड करून, पाटींत अंजिराचींच पानें अंथरून माल बाजारीं धाडतात. चैत्रांत अवकाळी पावसाची एक सर आली, तर वर्षाची मेहनत मातीमोल होते.

आमच्या झाडाचीं अर्धीं फळें पांखरांनीं खाल्लीं. उरलेलीं चैत्रांत आम्हीं वांटून घेतलीं. वाट्याला जेमतेम एकेक आलें. पण झाड तोडण्याची गोष्ट त्यानंतर कोणीं काढली नाहीं.

पालकांच्या हातीं हा अंक पडेल तेव्हां मुलांचीं गुणपत्रकेंही पडलेलीं असतील. त्यांस आमची एकच विनंती आहे. पहिल्या बहारावरून निकाल देऊं नये. मात्र माळीकाका नुसते वाट पाहत बसले नव्हते. छाटणी, खत व पाणी त्यांनीं वेळच्या वेळीं दिलें होतें, हें आम्हां मुलांनीं विसरूं नये.