समुद्रकाठच्या शहरातली मोटारींची शर्यत

आपल्याकडे शर्यत म्हटली की बैलगाडा. घाटात एकेक गाडा सुटतो आणि सेकंद मोजतात. पण काही शहरांत रोजच्या रहदारीच्या रस्त्यावरच मोटारींची शर्यत होते. बाईंनी वर्गात तिची माहिती सांगितली, ती मी लिहीत आहे.

फ्रान्सला लागून समुद्रकाठी मोनाको नावाचा देश आहे. अख्खा देश सुमारे २ चौरस कि.मी. एवढाच! तिथे १९२९ साली ही शर्यत सुरू झाली. एक फेरी ३.३३७ कि.मी.ची, अशा ७८ फेऱ्या. म्हणजे सुमारे २६० कि.मी. झाले. कारेगावहून पुण्याला पाच वेळा जाण्याइतके! रस्ता अरुंद, म्हणून पुढच्या गाडीला मागे टाकणे फार अवघड. त्यासाठी आदल्या दिवशी प्रत्येकाचा वेळ मोजतात. ज्याला कमी वेळ लागेल तो सर्वांत पुढे उभा राहतो. हे तर आपल्या घाटासारखेच झाले की!

रस्त्याच्या कडेला बंदर आहे. १९५५ साली आल्बेर्तो आस्कारी हा इटलीचा ड्रायव्हर मोटारीसकट समुद्रात पडला. तो पोहत वर आला, नाकाला लागले. आम्ही सारे हसलो. पण चारच दिवसांनी दुसऱ्या गावी मोटार चालवताना तो अपघातात वारला, हे बाईंनी सांगितले तेव्हा कोणी हसले नाही.

आपल्या देशात चेन्नईला अशी शर्यत झाली. ती डिसेंबर २०२३ मध्ये ठरली होती, पण चक्रीवादळ आले. मग ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ ला रात्री दिव्यांच्या उजेडात झाली. फेरी ३.५ कि.मी.ची. काही लोक तिच्याविरुद्ध हायकोर्टात गेले होते. कोर्टाने अटी घालून परवानगी दिली.

मला सगळ्यात आवडली ती आधीची तयारी. रस्त्यातली गटाराची झाकणे वेल्डिंग करून पक्की करतात, नाहीतर वेगातल्या मोटारीमुळे ती वर उचलली जातात. दोन्ही बाजूंना कठडे आणि जाळ्या लावतात. जागोजागी माणसे झेंडे घेऊन उभी असतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, सावकाश. लाल म्हणजे शर्यत थांबली. २०११ साली दिल्लीजवळच्या ट्रॅकवर सरावात एक कुत्रे शिरले, तर लाल झेंडा दाखवून सगळ्या मोटारी थांबवल्या. एका कुत्र्यासाठी!

आपल्या गावातून नगर रोड जातो. रांजणगावच्या कंपन्यांच्या गाड्या रात्रंदिवस चालू असतात. मागच्या वर्षी माझ्या चुलतभावाला रस्ता ओलांडताना एका मोटारसायकलने उडवले. दीड महिना पाय प्लास्टरमध्ये होता. तो माझ्यापेक्षा मोठा आहे, तरी अजून रस्ता ओलांडताना माझा हात धरतो.

आलेल्या पालकांना विनंती आहे, की शाळा भरताना आणि सुटताना कोणीतरी मोठ्या माणसाने रस्त्यावर लाल झेंडा घेऊन उभे राहावे. पाळी लावली तरी चालेल. झेंडा आम्ही मुले करून देऊ. कापड मिळाले आहे, काठी तेवढी पाहिजे.

— इयत्ता ४ थी