अंबरातल्या माश्यांना नाव देताना

झाडातून ओघळलेली राळ जमिनीत गाडली जाते आणि कोट्यवधी वर्षांनी अंबर होऊन हाती येते. बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरात जे किडेमकोडे सापडतात, त्यांतले निम्म्याच्या आसपास द्विपंखी गणातले, म्हणजे माश्या, डास, चिलटं यांच्या गोतावळ्यातले असतात. त्यांची ओळख पटवायचा मला नाद आहे. त्या नादात जे उमगत गेलं, ते इथे मांडते.

१. माशीच्या आधी खडा पाहावा लागतो. ओळख पटवणं म्हणजे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणं, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात निम्मं काम ओल्या पॉलिश पेपरवर होतं. खड्याचा पृष्ठभाग गोलसर असेल तर आतली माशी वाकडी, फुगलेली दिसते. म्हणून पंखाला समांतर अशी एक सपाट खिडकी घासून काढायची, तिच्यावर ग्लिसरीनचा थेंब टाकायचा आणि वर पातळ काच ठेवायची. मग बारीक ओरखडे नाहीसे होतात आणि पंखावरच्या शिरा एकदम वर येतात. पण कुठली बाजू घासायची हे आधी ठरवावं लागतं. घासलेलं परत येत नाही. अजूनही प्रत्येक खडा मी आधी बराच वेळ नुसता फिरवून पाहते.

२. एवढासा पंख, पण तो फार बोलतो. चिलटांची दोन कुळं घ्या, एक चावणाऱ्यांचं आणि एक न चावणाऱ्यांचं. दोन मिलिमीटरचा जीव, लांबून दोन्ही सारखीच. पण पंखाच्या मधल्या शिरेला बहुधा फाटा फुटलेला असतो तो चावऱ्यांच्या कुळात. न चावणाऱ्या कायरोनोमिडांत ती सरळ, एकटी जाते. चिलटांच्याच सायारिडी या तिसऱ्या कुळात हाच फाटा घंटेच्या आकाराचा होतो, शिवाय दोन्ही डोळे शृंगिकांच्या वर एका अरुंद पट्टीने जोडलेले असतात. गढूळ खड्यात पंख धड दिसत नसला, तर मी आधी ही डोळ्यांची पट्टी शोधते. चार कोटी वर्षांपूर्वीच्या चिलटाच्या कपाळावर ती स्पष्ट दिसते तेव्हा दर वेळी तितकाच आनंद होतो. सवयीने तो कमी झालेला नाही.

३. जे दिसत नाही, त्यालाही मान द्यावा लागतो. बाल्टिक अंबरात किड्याच्या अंगाभोवती पुष्कळदा दुधी पापुद्रा असतो. मेलेल्या जीवातून निघालेल्या द्रवांनी आणि वायूंनी तो धरलेला असतो. तो नेमका पोटाच्या टोकावर असला की काम अडतं. माश्यांची जात ठरते ती बहुतेकदा नराच्या जननेंद्रियांवरून. तीच झाकलेली असली, किंवा मुळात मादी असली, तर चिठ्ठीवर फक्त कुळाचं नाव लिहायचं आणि थांबायचं. सूक्ष्म सीटी स्कॅनने पापुद्र्याआडचंही पाहता येतं, पण ती सोय मोठ्या संस्थांपाशी. पूर्वी मला अर्धवट नावाची चिठ्ठी अपुरी वाटायची. आता तीच सर्वांत खरी वाटते, कारण तिच्यावरचं प्रत्येक अक्षर मला खड्यात बोट ठेवून दाखवता येतं.

४. माशीची ओळख बरोबर असूनही नमुना खोटा असू शकतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये बाल्टिक अंबरातली एक प्रसिद्ध माशी होती. एकोणिसाव्या शतकात हर्मान ल्योव या माश्यांच्या मोठ्या जाणकाराच्या संग्रहात ती होती, आणि १९२२ साली संग्रहालयाकडे आली. १९६६ साली कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी ती तपासली आणि फॅनिया स्कॅलॅरिस ठरवली, म्हणजे शौचकुपांपाशी आजही घोंगावणारी जात. इतकी प्रगत माशी इतक्या जुन्या काळात, आणि तीही जशीच्या तशी! १९९३ साली संग्रहालयातले अँड्र्यू रॉस सूक्ष्मदर्शकाखाली तिला पाहत असताना दिव्याच्या उष्णतेने खड्यात भेग दिसू लागली. कोणीतरी अंबराचा खडा मधोमध कापून, एका अर्ध्यात खळगा कोरून, त्यात आजची माशी बसवली होती आणि दोन्ही भाग पुन्हा जोडले होते.

मला इथे हेनिग यांची नजर कमी पडली असं मुळीच वाटत नाही. त्यांनी माशी अचूक ओळखली होती. ती खरोखरच फॅनिया स्कॅलॅरिस होती. प्रश्न माशीचा नव्हताच. अंबर खरं होतं, माशी खरी होती, खोटं होतं ते दोघांचं एकत्र असणं. म्हणून आता एखादी माशी आजच्या जातीशी तंतोतंत जुळली, की मी आधी खड्याची कड तपासते. सांधा आहे का, त्या रेषेवर बुडबुडे ओळीने बसलेत का. मिठाच्या संपृक्त पाण्यात अंबर तरंगतं आणि बरीचशी प्लॅस्टिकं बुडतात, हे खरं. पण अशा जोडलेल्या खड्यापुढे ती कसोटी निरुपयोगी आहे.

५. आजच्या माश्यांसाठी केलेले ओळखतक्ते मागे जाऊ तसे लंगडे पडतात. बाल्टिक अंबरापर्यंत बहुतेक कुळं ओळखीची असतात. लेबनॉनच्या किंवा म्यानमारच्या क्रिटेशस काळातल्या अंबरात मात्र एका कुळाच्या शिरा आणि दुसऱ्या कुळाच्या शृंगिका एकाच अंगावर भेटतात. इथे पुन्हा हेनिगच मदतीला येतात. नुसतं साम्य मोजू नका, कुठलं साम्य पूर्वजांकडून सगळ्यांनाच आलेलं आणि कुठलं एकाच शाखेत नव्याने उपजलेलं ते वेगळं करा, हा त्यांचा विचार. १९५० सालच्या त्यांच्या पुस्तकाने जीवांचं वर्गीकरणच बदललं. हा माणूस मुळात माश्या पाहणारा होता, याचं मला फार अप्रूप आहे.

६. म्यानमारचं अंबर मी विकत घेत नाही. ते जवळजवळ दहा कोटी वर्षांचं, अभ्यासासाठी अमोल; पण काचिन प्रांतातल्या त्या खाणी लष्कराने २०१७ मध्ये ताब्यात घेतल्या. माझे पैसे त्यांच्या हाती जावेत असं मला वाटत नाही.

७. उत्तर पुष्कळदा जिवंत माश्यांकडे असतं. आपल्याकडचंच अंबर घ्या. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचं अंबर सापडतं. २०१० साली त्याच्यावरचा पहिला मोठा शोधनिबंध आला, तेव्हा त्यातले ७००हून अधिक संधिपाद तपासले गेले होते. ही राळ सालईच्या नव्हे, सालच्या कुळातल्या झाडांची. ती इतकी कमी घट्ट झालेली आहे की योग्य द्रावकात विरघळवून किडा सगळाच्या सगळा बाहेर काढता येतो. बाल्टिक अंबराशी झगडणाऱ्याला हे स्वप्नवत वाटतं. पॉलिश पेपर नको, ग्लिसरीन नको! त्या काळी भारताचा भूखंड समुद्रातून उत्तरेला सरकत होता, तेव्हा इथले किडे जगावेगळे असावेत अशी अटकळ होती. पण त्यांचे सगेसोयरे युरोप-आशियातल्या किड्यांतही निघाले.

या अंबरात चावरी चिलटं भरपूर आहेत. ती कोणाची नातेवाईक, हे ठरवायचं तर शेजारी ठेवायला आजची चिलटं हवीत, सह्याद्रीतली, ओढ्याकाठची, अल्कोहोलच्या बाटलीत नीट जपलेली आणि नाव दिलेली. हल्ली पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्री पांढऱ्या चादरीवर दिवा लावून मी ती गोळा करते. फुलपाखरांमागे जाणारी मुलं पुष्कळ भेटतात. चिलटांसाठी कोणी आलं, तर त्याला माझा सूक्ष्मदर्शक हवा तितका वेळ वापरायला मिळेल.